जिन्यापाशी सरकवलेली पादत्राणे

रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या घरात आता काहीही घडत नाही. पत्नीची चाकांची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी असते, माझ्या मांडीवर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलेले असते, आणि समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिथे वर्षभर आमची मंडळी उपासनेला जमत होती, तिथे आता गाद्या-पडद्यांच्या एका दुकानाचे गोदाम आहे. शटर वर जाते, खाली येते. आम्ही दोघेही तिकडे पाहत नाही. पण ते वर गेले की खाली आले, हे दोघांनाही ठाऊक असते.

मी पाथर्डी फाट्याकडच्या वसाहतीत राहतो. निवृत्त होईपर्यंत शाळेत संस्कृत शिकवले. ख्रिस्ती माणूस आणि संस्कृतचा मास्तर, हे ऐकून लोक अजून क्षणभर थबकतात. वस्तुतः त्यात नवल करण्यासारखे काही नाही. माझे वडील नांदगावकडच्या खेड्यांतून पायी फिरणारे उपदेशक होते. त्यांचा एका वृद्ध शास्त्रीबुवांशी स्नेह होता. त्या शास्त्रीबुवांनी मला आठव्या वर्षापासून आपल्या ओसरीवर बसवून शिकवले. त्यांची अट एकच होती. पायरीखाली चप्पल काढायची, पाय धुवायचे आणि मगच वर यायचे. गावात आमची मंडळी ज्या पत्र्याच्या खोलीत जमे, तिथेही हीच रीत होती. बाहेर कडुलिंबाखाली चपलांची ओळ लागे. आत सतरंजीवर एका बाजूस पुरुष, दुसऱ्या बाजूस स्त्रिया बसत. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी, ज्यात ख्रिस्ताच्या स्मरणार्थ आम्ही एका भाकरीचा तुकडा आणि एका पेल्यातला घोट सगळे वाटून घेतो, जमिनीवर पंगत बसे. जळणाऱ्या झुडपापुढे ज्या मेंढपाळाला पादत्राणे काढण्याची आज्ञा झाली, त्याची कथा वडील सांगत तेव्हा मला ती आमच्याच गावातली वाटे. विद्या आणि उपासना, दोन्हींच्या दारात मी अनवाणी उभा राहिलो आहे. पुढे नाशकात आल्यावर जुन्या शहरातल्या दगडी चर्चच्या बाकांवर बूट घालून बसू लागलो, परंतु त्याची सवय मला चाळीस वर्षांतही झाली नाही.

त्या चर्चमध्ये माझी पत्नी पेटी वाजवीत असे. नंतर तिचा मणका गेला. प्रथम काठी आली, मग खुर्ची. आमच्या घरापासून ते चर्च लांब. वाटेत गतिरोधक, उड्डाणपुलाखालची कोंडी, खड्डे. एकदा रिक्षातून नेले, तर परत येताना ती वेदनेने माझे मनगट धरून राहिली. चार बोटांचे वळ दोन दिवस गेले नाहीत. त्यानंतर तिचे जाणे थांबले. तिथले पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा प्रभुभोजन घरी आणून देत. ती श्रद्धेने घेई. पण एके दिवशी ते गेल्यावर म्हणाली, “अहो, खोटं का बोलू? हा घास डब्यातल्यासारखा लागतो. पंगतीतल्यासारखा लागत नाही.”

तीन वर्षे असे चालले होते. त्या वाक्यानंतर मला एकच गोष्ट हवी झाली. आपल्या डोळ्यांदेखत या बाजूला एक मंडळी उभी राहावी, आणि हिने पुन्हा पंगतीत बसावे.

या बाजूला आमची माणसे नव्हती असे नाही. अंबडच्या कारखान्यांत काम करणारे होते, परिचारिका होत्या, इगतपुरीहून रेल्वेची नोकरी संपवून मुलांकडे राहायला आलेले होते. जुन्या चर्चने अनुमती दिली आणि एक तरुण पाळक आमच्यासाठी नेमला. मला या नव्या मंडळीचा वडील केले. आमच्यात मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठाला वडील म्हणतात. जागेचा शोध सुरू झाला, आणि आमच्या घरासमोरच्याच इमारतीत, दुकानांच्या मागे, शिकवणीचे वर्ग बंद पडल्यामुळे रिकामा झालेला एक हॉल मिळाला. तळमजला होता. खुर्ची थेट आत जाऊ शकत होती. मी त्याच दिवशी घरून दोरी नेऊन दाराची रुंदी मापली.

प्रश्न सोसायटीच्या संमतीचा होता. तिथे माझे एक स्नेही राहत असत, दुसऱ्या मजल्यावर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. आम्ही रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जात असू. त्यांना लहानपणापासून संस्कृत स्तोत्रे मुखोद्गत होती, अर्थ मात्र कुणी सांगितला नव्हता; तो ते मला विचारीत. मी त्यांना साहेब म्हणे, ते मला शास्त्री म्हणत.

सोसायटीच्या बैठकीत मला बोलावले होते. अध्यक्ष म्हणाले, “सर, तुमचा आदर आहे. पण रविवारचा एकच दिवस माणसाला झोप मिळते. गाणीबिणी किती वाजेपर्यंत?”

मी उत्तर जुळवीत असतानाच साहेब उठले. “गणपतीत दहा दिवस आपण कानात बोळे घालून बसतो, तेव्हा कुणाची झोप मोडत नाही का? हे दोन तास प्रार्थना करणार. आणि या माणसाला मी ओळखतो. याच्या घरात कुकरची शिट्टीसुद्धा हळू वाजते.”

सगळे हसले. लाऊडस्पीकर लावायचा नाही, साडेअकराला आटपायचे, वाहने बाहेर लावायची, अशा अटी ठरल्या. पादत्राणांचा उल्लेख कुणी केला नाही. करण्याचे कारणही नव्हते, कारण तो नियम अजून माझ्या मनातच होता.

पहिल्या उपासनेआधी मी तो आमच्या तरुण पाळकसाहेबांपुढे मांडला. ते जरा संकोचले. “सर, शहरातली माणसं बूट घालूनच बसतात. सवय आहे सगळ्यांना.”

“म्हणूनच,” मी म्हणालो. “नवी मंडळी आहे. पहिली पायरी तरी भक्तीची असू द्या.”

त्यांनी मान्य केले. लोकांनीही आनंदाने स्वीकारले. पुष्कळांना आपापले गाव आठवले. हॉलचे दार एका बोळवजा पॅसेजमध्ये उघडत असे. पॅसेजच्या शेवटी इमारतीचा जिना आणि लिफ्ट. भिंतीकडेने चपलांची ओळ लागू लागली.

पहिल्या रविवारी आम्ही सतरंज्या अंथरल्या. भिंतीवर शिकवणीचा हिरवा फळा तसाच होता. कोपऱ्यात कुणीतरी काढलेला त्रिकोण पुसला जात नव्हता. त्याच्यावर आम्ही लाकडी क्रूस टांगला. पत्नीला खुर्चीवरून आत नेताना ती दाराशी म्हणाली, “थांबा. माझ्या काढा.”

“अगं, तुझे पाय जमिनीला लागतच नाहीत.”

“नियम सगळ्यांना सारखा. काढा.”

मी वाकून तिच्या चपला काढल्या आणि ओळीत ठेवल्या. त्यांचे तळ नवे होते. प्रभुभोजन सुरू झाले, भाकरीचे ताट हातोहात फिरत तिच्यापर्यंत आले, तिने शेजारणीच्या हातून ते घेतले आणि पुढच्या स्त्रीच्या हाती दिले. घरी परतल्यावर तिला दूध विचारले, तर म्हणाली, “नको. पोट भरलंय.” त्या दिवशी मला आपले आयुष्य निष्फळ वाटले नाही. मी हे लिहून ठेवतो, कारण असा दिवस होऊन गेला, हे पुढच्या गोष्टींमुळे खोटे ठरत नाही.

मंडळी वाढली. आठ घरांची पंधरा झाली. ओळीच्या दोन ओळी झाल्या, मग ढीग. मंडळीतला एक मध्यमवयीन गृहस्थ वेल्डिंगचे काम करी. तो एकदा उपासना संपल्यावर मला थांबवून म्हणाला, “सर, ऐका माझं. एक लोखंडी मांडणी करून टाकतो. पाच खण, चाळीस जोड. दोन दिवसांचं काम हाय.”

“आधी प्रभुभोजनाचे मेज होऊ दे. मग पाहू.”

“मेज व्हईस्तोवर लोक एकमेकांच्या चपला घालून जातील. मागल्या रविवारी घरी जाऊन बघतो, तर एक चप्पल माझी, एक पाळकसाहेबांची.”

“आणि पाळकसाहेब?”

“ते बी तसेच गेले. दोघं निम्मे-निम्मे पवित्र.”

मला हसू आले. पण मांडणीला मी होकार दिला नाही. मेज सागवानाचे करायला टाकले होते. त्याच लाकडाची, त्याच घडणीची एक पेटी पादत्राणांसाठी करावी, असे माझ्या मनात होते. देवाच्या दारात भंगारातल्या पट्ट्या जोडून काही उभे करू नये, असे मला वाटे. वेल्डिंगवाल्याने पुढच्या महिन्यात पुन्हा विचारले. मी म्हणालो, “होईल सावकाश.” त्याने तिसऱ्यांदा विचारले तेव्हाही माझे तेच उत्तर होते. पत्नीने ते ऐकले. घरी येऊन म्हणाली, “तुमच्या शास्त्रीबुवांनी तुम्हाला सगळं शिकवलं, घाई तेवढी शिकवायची राहिली.”

साहेब रोज जिन्यानेच उतरत. आयुष्यभर धरणांच्या भिंतींचे काम पाहिलेला माणूस, पण लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. “पाणी कुठून फुटेल ते मला कळतं,” ते म्हणत. “ही पेटी कुठे अडेल ते त्या कंपनीलाही कळत नाही.” रविवारी सकाळी पूजा आटपून आदल्या दिवसाचे निर्माल्य पितळी तबकात घेऊन ते खाली येत आणि आवारातल्या खताच्या खड्ड्यात टाकीत. एका रविवारी आमची उपासना सुटत असता त्यांची पॅसेजमध्ये गाठ पडली. चपलांकडे पाहून म्हणाले, “शास्त्री, तुमच्या देवाची भक्ती वाढतेय, हे मला जिन्यावरूनच कळतं. पण एक दिवस मी यात पडेन हो.”

“पेटी करायला टाकणार आहोत,” मी म्हणालो.

“टाका. माझ्या हयातीत टाका.”

आम्ही दोघेही हसलो.

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी आम्ही पिकाची उपकारस्तुती ठेवली होती. त्या दिवशी आमच्यात प्रत्येक घर शेता-परसातले काही ना काही आणून देवापुढे ठेवते. शेती नसेल तर बाजारातून आणते. इगतपुरीकडच्या एका कुटुंबाने भाताची पेंढी आणली होती. कुणी लासलगावचा कांदा, कुणी भोपळा, कुणी झेंडूची रास. जुन्या चर्चमधूनही पाहुणे आले होते. मेज तयार होऊन आदल्याच दिवशी आले होते आणि त्याच्यावर आज प्रथमच प्रभुभोजन होणार होते.

आम्हाला निघायला उशीर झाला. पत्नीने मोरपंखी साडीचा हट्ट धरला, आणि खुर्चीत बसून साडी नेसणे हे सोपे काम नाही. रस्ता ओलांडून पॅसेजमध्ये शिरलो तेव्हा आत पहिले गीत सुरू झाले होते. पॅसेज पादत्राणांनी भरून गेला होता. भिंतीपासून भिंतीपर्यंत बूट, चपला, मुलींच्या चमकणाऱ्या सँडली. खुर्चीची चाके पुढे जाईनात.

“कुणाला तरी बाहेर बोलवा,” पत्नी म्हणाली.

गीत मध्येच थांबवून कुणाला बोलावणे मला प्रशस्त वाटले नाही. मी स्वतः वाकलो. एकेक जोड उचलून दाराकडची वाट मोकळी केली आणि ती सारी पादत्राणे पुढे, जिन्याच्या शेवटच्या पायरीशी, कोपऱ्यात नेऊन ठेवली. कोपरा भरला तेव्हा उरलेली पायरीच्या पुढ्यात ठेवली. हिला आत बसवून परत येईन आणि नीट लावीन, असे मनाशी म्हटले. तिच्या चपला काढल्या आणि त्याही तिथेच ठेवल्या.

आत गेलो. गीत संपून प्रार्थना सुरू होत होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. त्यातून उठून बाहेर जाणे अविनयाचे होईल, म्हणून मी बसलो. प्रार्थनेनंतर शास्त्रपाठ झाला, नंतर उपदेश. प्रत्येक वेळी मला पायरी आठवली आणि प्रत्येक वेळी, आता हे संपू दे, असे मी स्वतःला सांगितले.

प्रभुभोजन सुरू झाले. ताट स्त्रियांच्या ओळीत आले. पत्नीच्या शेजारी बसलेल्या परिचारिकेने तुकडा घेतला आणि ताट हिच्याकडे वळवले. त्याच वेळी बाहेर पितळेचे तबक फरशीवर आपटल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग एक दुसरा, जड आवाज. परिचारिकेने ताट बाजूच्या स्टुलावर ठेवले आणि ती धावली. सगळेच धावले.

साहेब जिन्याच्या पायथ्याशी कुशीवर पडले होते. अंगाखाली चपला होत्या. झेंडूची सुकलेली फुले आणि तुळशीची पाने बुटांमध्ये, सँडलींमध्ये विखुरली होती. वेल्डिंगवाला त्यांना उचलायला पुढे झाला, परिचारिका ओरडली, “हात लावू नका! खुब्याचं हाड मोडलं असेल.” मी त्यांच्या डोक्याशी बसलो. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी मला ओळखले.

“शास्त्री,” ते म्हणाले, “फुलं तुडवली गेली बघा. गोळा करा.”

मी फुले गोळा करू लागलो. दुसरे काही सुचेना. तेवढ्यात त्यांचा मुलगा आणि सून वरून धावत आले. सून रडत म्हणाली, “मी रोज सांगत होते, लिफ्टनं जा म्हणून!” मुलाने चपलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि फोन कानाला लावला.

रुग्णवाहिका गेल्यावर मी हॉलमध्ये परत आलो. पत्नी एकटीच होती. सगळे बाहेर धावले तेव्हा खुर्चीतून उठता न येणारी तीच काय ती आत राहिली होती. समोर सागवानी मेज, भाताची पेंढी, कांदे, झेंडू. आणि तिच्या हाताच्या अंतरावर, स्टुलावर, भाकरीचे ताट. तिने त्याला स्पर्श केला नव्हता.

“कोण पडलं?” तिने विचारले.

मी सांगितले.

“कशावरून?”

तेही सांगितले. त्या कुणी ठेवल्या, हे सांगावे लागले नाही. पॅसेज तिनेही पाहिला होता.

साहेबांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. मी दर दिवसाआड रुग्णालयात जात असे. एकदा त्यांची सून औषधे आणायला खाली गेली असता ते म्हणाले, “माझ्यासाठी प्रार्थना करता का?”

“रोज करतो.”

“मग जरा मोठ्यानं करा. सोसायटीची अट इथे लागू नाही.”

मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, “साहेब, ती पादत्राणे पायरीपाशी मी ठेवली होती. माझ्या हातांनी. हिची खुर्ची अडली होती.”

त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाले, “वहिनींना वाट करून दिलीत ना? मग ठीक केलंत.” आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. त्यांच्या शब्दांत क्षमा होती. त्या पाठीत काय होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांना न्यूमोनिया झाला होता. आता ते ओळखत, पण बोलत नसत.

सोसायटीची बैठक झाली. मी आणि पाळकसाहेब गेलो. कुणी आवाज चढवला नाही. अध्यक्षांनी मला पाणी दिले. म्हणाले, “सर, धर्माचा प्रश्नच नाही हा. पण पॅसेज सगळ्यांचा आहे. उद्या आणखी कुणी पडलं तर मी काय उत्तर देऊ?”

पाळकसाहेब म्हणाले, “आम्ही चपला आत ठेवू. किंवा घालूनच बसू. तो नियमच काढून टाकतो.”

“आता?” कुणीतरी मागून म्हणाले. तेवढेच.

साहेबांचा मुलगा कोपऱ्यात बसला होता. बैठक सुटल्यावर तो माझ्याजवळ आला. “काका, मी तुमच्या विरुद्ध हात वर केला नाही. पण बाजूनंही करता आला नाही. बाबा इथे असते तर बोलले असते.”

आमच्याशी कुणी वैर केले असते, तर ते सोसण्याची रीत आमच्या शास्त्रात सांगितली आहे. वडिलांनी मला ती लहानपणीच शिकवली होती. इथे वैर नव्हते. जे बोलले गेले ते खरे होते, आणि खऱ्यापुढे सोसण्याचा काही उपयोग होत नाही. महिनाअखेर हॉल सोडायचा, असे ठरले.

सामान हलवण्याच्या दिवशी वेल्डिंगवाला टेम्पो घेऊन आला. टेम्पोत एक लोखंडी मांडणी होती. पाच खण, करडा रंग, कोपरे घासून गोल केलेले, कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून. त्याने ती अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी करायला घेतली होती.

“दोन दिवसांत झाली, सर,” तो म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याचा स्वभाव तसा नाही. “आता कुठं ठेवू?”

मेज जुन्या चर्चच्या वखारीत गेले. मांडणी आमच्या बाल्कनीत ठेवली. दुसरीकडे जागा नव्हती.

नाताळच्या आधी साहेब गेले. निरोप आला तेव्हा मी सकाळीच तिकडे गेलो. दुसऱ्या मजल्यापर्यंतच्या जिन्यावर पादत्राणेच पादत्राणे होती. प्रत्येक पायरीवर, कठड्याशी, लिफ्टच्या दारात, थेट खालच्या पॅसेजपर्यंत. शोकाला आलेला प्रत्येक माणूस चप्पल काढून वर जात होता, जसे आपल्याकडे कुणीही जातो, आणि कुणाचेही त्यांच्याकडे लक्ष नव्हते. मी माझ्या चपला पायथ्याशीच काढल्या आणि कठडा धरून, एकेका पायरीवर मोकळी जागा शोधीत वर चढलो. वर साहेबांचे पाय उघडे दिसत होते. मी त्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या जागेचा शोध आम्ही घेतला नाही असे नाही. एक हॉल दुसऱ्या मजल्यावर निघाला. एका मालकाने, “घरच्यांना विचारून सांगतो,” असे म्हटले. त्याचे घरचे अजून विचार करीत आहेत. एक गाळा मिळतो असे वाटले, पण त्याच्या दाराला तीन उंच पायऱ्या होत्या. “उतार बांधून घेऊ, सर,” पाळकसाहेब म्हणाले. मालकाने पायऱ्यांना हात लावू दिला नाही. या दोन-तीन महिन्यांत माणसे पांगली. काही जुन्या चर्चला परत गेली. काही शहराच्या दुसऱ्या टोकाला, मोठे स्क्रीन आणि वाद्ये असलेल्या दुसऱ्या मंडळीत जाऊ लागली. काही घरी बसून मोबाईलवर उपासना पाहतात. पाहतात असे सांगतात. मी फोन केला की सारे आदराने बोलतात. “जागा मिळाली की कळवा, सर. आम्ही येणारच.” पंधरा घरांपैकी किती येतील, याचा अंदाज मला आहे. मी कुणाला तो सांगत नाही.

पाळकसाहेबांची संगमनेरकडे बदली झाली. जाण्यापूर्वी ते प्रभुभोजन घेऊन आमच्याकडे आले. छोट्या डब्यात भाकरीचा तुकडा, कुपीत द्राक्षरस. त्यांनी पांढरे वस्त्र अंथरले, प्रार्थना केली आणि तुकडा पत्नीपुढे धरला. तिने हात जोडले, पण घेतला नाही.

“बाई, काय झालं?”

“तुम्ही रागावू नका,” ती म्हणाली. “त्या दिवशी हा घास माझ्यापाशी येऊन राहिला होता. सगळी पंगत उठून गेली, तो माणूस तिकडे कोसळला होता, आणि घास माझ्यासमोर होता. आता त्याच्यानंतर एकटीनं कसा घेऊ?”

पाळकसाहेब म्हणाले, “पण त्यात तुमचा काय दोष?”

“वाट माझ्यासाठी केली होती.”

मी म्हणालो, “ती मी केली होती. नंतर उठून नीट लावायची होती, ती मी लावली नाही.”

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही माझ्यासाठी केलीत आणि देवासाठी बसून राहिलात. बोलायला जागाच ठेवली नाहीत.” तिच्या आवाजात राग नव्हता. पाळकसाहेबांनी तो तुकडा स्वतः ग्रहण केला, कुपी बंद केली, आमच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ते गेले. त्यानंतर तिने प्रभुभोजन घेतलेले नाही. मीही घेत नाही. ती त्याविषयी बोलत नाही, आणि मी तिला आग्रह करीत नाही. आग्रह करण्याइतका माझा स्वतःच्या भक्तीवर विश्वास उरलेला नाही.

मांडणी बाल्कनीत आहे. चाळीस जोडांच्या जागेत दोन जोड होते: माझा आणि तिचा. तिच्या चपला त्या रविवारनंतर पायांत गेल्या नव्हत्या. तळांवर दुकानदाराने लिहिलेला किमतीचा आकडासुद्धा अजून वाचता येत होता.

गेल्या रविवारी दहाच्या सुमारास समोरचे शटर वर गेले. मी शास्त्राचे पान उलटले. आमच्याकडे भांडी घासायला येणारी बाई काम आटपून दाराशी पदराने हात पुसत होती. पत्नीने तिच्या पायांकडे पाहिले.

“अहो,” ती मला म्हणाली, “त्या माझ्या चपला हिला देऊन टाका. मापाच्या आहेत.”

“असू दे गं. देऊ सावकाश,” असे म्हणण्यासाठी माझे तोंड उघडले होते. माझे ओठ त्या शब्दांना इतके सरावलेले आहेत. पत्नी माझ्याकडेच पाहत होती. मला काय म्हणायचे आहे, हे तिला कळले होते, आणि त्या चपला ठेवून मी कशाची वाट पाहतो आहे, हेही.

मी शास्त्र मिटले. उठून बाल्कनीत गेलो, वाकून खालच्या खणातून चपला काढल्या, धोतराच्या सोग्याने त्यांच्यावरची धूळ पुसली आणि दाराशी नेऊन त्या बाईच्या पायांपुढे ठेवल्या.

“नव्याच हायेत की, बाबा,” ती म्हणाली. “बाईंना लागत नाहीत?”

“नाही,” मी म्हणालो. “आता लागायच्या नाहीत.”